यंत्रास मानवणारा कागद

मृगाचा पाऊस सुरू झाला, कीं आमच्या रत्नागिरीस दोन गोष्टी ठरलेल्या. ओटीवरील दरवाजे फुगून लागेनासे होतात, आणि पुतण्याचें छपाईचें यंत्र कागद गिळून बसतें. पहिल्या गोष्टीवर सुताराचा रंधा हा उपाय आजोबांच्या वेळेपासून घरांत ठाऊक आहे. दुसरीवरचा उपाय समजण्यास मात्र आम्हांस कांहीं वर्षें आणि एक मोठा मनस्ताप खर्चीं घालावा लागला. त्याची हकीकत ह्या मासीं वाचकांपुढें ठेवीत आहों. कागदासारख्या विषयावर इतकी शाई आटविणें हा शिक्षकी पेशाचा दोष, असें कोणी म्हणेल तर म्हणो. परंतु ज्या घरांत भावाभावांचा कारभार एकत्र चालतो, तेथें कागद हा नुसता कागद नसतो, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

आम्ही चौघे भाऊ. थोरले, ज्यांस सारें घर दादा म्हणे, ते घराचे कर्ते. २०१४ सालीं चैत्रांत चौघे एकत्र जमलों असतां दादांच्या मनांत आलें, कीं हातीं पायीं धड आहों तोंवर कलमांची, विहिरीच्या पाण्याची व घरांतील खोल्यांची एक याद करून ठेवावी. भांडण नव्हतें, भांडण होऊं नये म्हणून याद. (कायद्याचें वाटणीपत्र आणि त्याची नोंदणी हा निराळा विषय आहे. तो वकिलास विचारावा. आमच्या ह्या टिपणावर विसंबूं नये.) दादांना सर्व कांहीं नेटकें लागे. पुतण्यानें त्याच सुमारास आंब्याच्या व्यापारासाठीं लेटरहेड छापून आणले होते. कागद हातानें केलेला, जाडसर, खरखरीत, कडा मुद्दाम फाटक्या ठेवलेल्या; शिरोभागीं कुलदेवतेचें व घराण्याचें नांव सोनेरी, फुगीर, बोटाला लागेल अशा अक्षरांत. दादांना तो फारच आवडला. "याद ह्याच कागदावर होऊं दे," असें त्यांनीं फर्माविलें. छापणारानें "चालतो हो, सगळ्या प्रिंटरांत चालतो," अशी ग्वाही दिली होती. बाहेरगांवच्या त्या गृहस्थाचें नांव आम्ही घेत नाहीं. त्यानें लबाडी केली असें नव्हे, त्यालाही ठाऊक नव्हतें इतकेंच.

पहिला कागद यंत्रांतून बाहेर आला तो पाहण्यासारखा होता. कुलदेवतेचें नांव शिरोभागीं फिसकटलेलें, पुन्हां मध्यावर पुसट उमटलेलें, आणि आणखी एकदां तळाशीं. वहिनी म्हणाल्या, "बरें झालें, नामस्मरण तरी घडलें." दुसरा कागद त्यामानानें बरा निघाला. त्यावर चौघांनीं फाउंटन पेनानें सह्या केल्या. दादांनीं त्याची नीट तीन पदरी घडी घातली, वर पारदर्शक प्लॅस्टिकचें पाकीट चढविलें आणि ट्रंकेंत ठेवून दिला.

दादा २०१९ सालीं गेले. तीन वर्षांनीं, उन्हाळ्यांत विहिरीचें पाणी खालीं गेलें, तेव्हां कोणाच्या कलमांस किती दिवस पाणी हा प्रश्न निघाला, आणि याद बाहेर काढण्यांत आली. पाकिटांतून कागद ओढतांच आमच्या हातीं जें आलें, तें पाहून आम्ही मटकन् खालीं बसलों. चार सह्या निळ्या शाईच्या, ठसठशीत, जशा कालच केलेल्या. आणि त्यांच्या वर जवळजवळ कोरा कागद. मजकूर गेला कोठें? तो प्लॅस्टिकला चिकटून बसला होता.

आतां हें असें कां व्हावें, हें समजून घ्यावयाचें तर ह्या यंत्राची रीत थोडी सांगितली पाहिजे. आमच्या पणजोबांच्या दफ्तरांतील मोडी पत्रें आजही वाचतां येतात. त्यांतील बोरूची शाई कागदाच्या तंतूंत शिरलेली आहे. लेझर प्रिंटरांत शाई नसतेच. असते ती काळी भुकटी, बहुतांशीं प्लॅस्टिकच्या जातीची, कण मिलिमीटराच्या हजाराव्या भागाच्या पांच-दहा पट इतके बारीक. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा खेळ आपण सर्वांनीं लहानपणीं केला आहे. यंत्राचें सारें कौशल्य त्याच खेळांत आहे. आंत एक रूळ असतो, त्यावर विजेचा भार देतात. लेझरचा किरण अक्षराच्या आकाराप्रमाणें त्या भाराची रचना बदलतो, तेथें भुकटी चिकटते, रुळावरून ती कागदावर ओढली जाते, आणि शेवटीं सुमारें दोनशें अंशांच्या उष्णतेच्या दोन रुळांमधून क्षणार्धांत कागद दाबून काढला, कीं भुकटी वितळून कागदावर बसते. बसते म्हणजे वर बसते. आंत मुरत नाहीं. लाखेची मोहोर कागदावर असते तशी.

हा शोध फार जुना नव्हे. चेस्टर कार्लसन नांवाचे अमेरिकन गृहस्थ पेटंटांच्या कचेरींत कागदांच्या नकला करून करून त्रासले होते, त्यांत हातास संधिवात. त्यांनीं २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागांत एका खोलीवर गंधक लावलेला जस्ताचा पत्रा रुमालानें घासला आणि त्यावर वनस्पतीची भुकटी उडवून मेणकागदावर पहिला ठसा उठविला. ज्यास आपण सर्रास झेरॉक्स म्हणतों ती नक्कल ह्यांतूनच निघाली. पुढें त्याच कंपनींतील गॅरी स्टार्कवेदर ह्यांनीं १९७० च्या आगेंमागें त्या यंत्रास लेझरची जोड दिली. मूळ प्रेरणा नकलांचा कंटाळा ही होती, हें वाचून आम्हांस आपल्या तीस वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची आठवण झाली.

तर आमच्या यादीचें काय झालें? जाड कागदानें उष्णता पिऊन टाकली, त्यामुळें भुकटी अर्धवट वितळली. खरखरीत पृष्ठाच्या खळग्यांत ती पोहोंचलीच नाहीं, नुसती उंचवट्यांवर राहिली. घडीच्या रेघेवर ती टवके निघून पडली. आणि उरलीसुरली मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटानें खेंचून घेतली; कारण तें प्लॅस्टिक मऊ राहावें म्हणून त्यांत जें द्रव्य घालतात तें ह्या भुकटीला मऊ करतें व आपणाकडे ओढतें. वर्षानुवर्षें दडपून ठेवल्यावर कागदापेक्षां पाकिटाशींच तिचें सख्य जडतें. सोनेरी फुगीर अक्षरांचें तर विचारूंच नये. तीं मुळांत उष्णतेनेंच फुगविलेलीं. पुन्हां दोनशें अंशांत गेल्यावर तीं वितळून रुळास लागणार आणि रूळ फिरेल तितक्या वेळां कागदावर उमटणार. नामस्मरणाचें रहस्य हें.

हातकागदाची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. जुन्नर आणि दौलताबादेजवळचें कागजीपुरा ह्या गांवांच्या कागदाची ख्याति महाराष्ट्र जाणतो. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून ही विद्या सांभाळीत आली आहे. टाकानें लिहावयाचें असेल, मौंजीबंधनाचें निमंत्रण हातानें लिहावयाचें असेल, तर त्यासारखा कागद नाहीं. चुंगडीचा धट्टा उत्तम खरा, म्हणून त्याचें पागोटें कोणी बांधीत नाहीं.

मग बांधावें काय? पुतण्यानें आणि आम्हीं मिळून जें शोधलें तें सांगतों. कागदाचें वजन चौरस मीटरास किती ग्रॅम, ह्यास दुकानदार जी. एस. एम. म्हणतात. रोजच्या पत्रास ७५ किंवा ८० पुरे. सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दाव्यांचे कागद ए-फोर आकाराचे, किमान ७५ जी. एस. एम. चे व दोन्ही बाजूंस छापलेले असावे असें ठरविलें. न्यायालयास जें चालतें तें आपल्या पत्रव्यवहारास चालावयास हरकत नसावी. लेटरहेडसाठीं मात्र ९० ते १०० चा, गुळगुळीत पण चकचकीत नव्हे असा कागद हाताला भारदस्त लागतो आणि यंत्रही कुरकुरत नाहीं. घरगुती यंत्राच्या पुस्तिकेंत बहुधा ६० पासून १६३ पर्यंतची मर्यादा दिलेली असते. ती पाहिल्यावांचून पत्रिकेचा पुठ्ठा आंत घालूं नये. जाड कागद वापरणेंच असेल तर छापण्यापूर्वीं संगणकावर कागदाचा प्रकार 'जाड' किंवा 'खरखरीत' असा निवडावा, म्हणजे यंत्र सावकाश चालतें व भुकटीस वितळण्यास अवसर मिळतो. ही सोय आमच्या यंत्रांत २०१४ सालींही होती. कोणी पाहिली नव्हती.

ए-फोरच्या मापाविषयीं एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. लांबी व रुंदी ह्यांचें प्रमाण दोनाच्या वर्गमुळाइतकें ठेवलें, तर कागद मधोमध दुमडला तरी प्रमाण तेंच राहतें. हें जर्मन पंडित लिश्टेनबर्ग ह्यांनीं १७८६ सालीं एका पत्रांत लिहून ठेविलें, आणि जर्मनींत १९२२ सालीं त्याचें मानक झालें. सर्वांत मोठा ताव बरोबर एक चौरस मीटराचा. तो चार वेळां दुमडला कीं ए-फोर. म्हणजे ए-फोर हा सोळावा हिस्सा, आणि ८० जी. एस. एम. चा एक ताव पांच ग्रॅमांचा. नातवंडांना भूमिति शिकवावयाची असेल तर ह्याहून सोपें साधन नाहीं. आमच्या पिढीचें फुलस्केप मात्र असें दुमडून पाहिलें तर प्रमाण बिघडतें. तरी परीक्षेच्या उत्तरपत्रिका म्हटलें कीं डोळ्यांपुढें तेंच येतें.

दुकानांत जातांना उच्चाराची काळजी घ्यावी. आम्ही एकदां बाजारपेठेंत "लेजरचा कागद द्या" म्हणालों, आणि दुकानदारानें वकिलांच्या कामाचा, जाड हिरवा लेजर पेपर पुढें ठेवला. चूक आमची. हा 'लेजर' जमाखर्चाच्या खातेवहीचा, आणि आपणांस हवा तो 'लेझर' किरणाचा. एका अक्षराच्या फरकानें खातेवही आणि प्रकाश ह्यांत घोटाळा झाला. तेव्हांपासून आम्ही "फोटोकॉपीचा कागद, शंभर जी. एस. एम." असें म्हणतों. तसेंच रंगीत शाईच्या फवारा-यंत्राचा जो चकचकीत फोटोचा कागद मिळतो, तो लेझर यंत्रांत चुकूनही घालूं नये. त्यावरचा लेप उष्णतेनें वितळून रुळास गुंडाळतो आणि दुरुस्तीचें बिल कागदाच्या शंभर पट येतें. उलट, पावसाळ्यांत टपाल पाठवावयाचें असेल तर फवारा-यंत्राच्या छापापेक्षां लेझरचा छाप चांगला. पोस्टमनच्या पिशवींत चार थेंब गेले तरी पत्ता वाहून जात नाहीं.

आतां दमट हवेचा प्रश्न. रत्नागिरीस वर्षांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, त्यांतला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कागद म्हणजे मूळचा वृक्षच. हवेंतील पाणी तो पिणारच. ओलसर कागदावर विजेचा भार टिकत नाहीं, म्हणून छाप पुसट व ठिपक्याठिपक्यांचा येतो. गरम रुळांत गेला कीं आंतल्या पाण्याची वाफ होऊन तो वळतो, सुरकुततो, आणि अडकतो. दोन-दोन ताव एकमेकांस चिकटून आंत जातात. म्हणून रीम फोडल्यावर वेष्टन फेंकून देऊं नये. त्याच्या आंतल्या बाजूस ओल अडविणारा पातळ लेप असतो. लागतील तितकेच ताव काढावे, वेष्टनाचें तोंड दुमडून बंद करावें, आणि गठ्ठा जमिनीवर न ठेवतां फडताळांत वरच्या खणांत आडवा ठेवावा. आमच्याकडे पापड-सांडग्यांच्या जुन्या पत्र्याच्या डब्याची ह्या कामीं नेमणूक झाली आहे. त्याच्यासारखा कारकून नाहीं. यंत्रांतही रात्रीं कागद ठेवून निजूं नये. वेष्टनावर बाण काढलेला असतो. त्या बाजूवर आधीं छापावें, म्हणजे वळण्याचा दोष कमी होतो.

पाठकोऱ्या कागदांविषयीं आमच्या घरांत मतभेद आहे. आम्ही काटकसरीच्या पक्षाचे. पण टांचणी किंवा स्टेपलची तार राहिलेला, दुमडलेला, हळदीकुंकवाचे डाग पडलेला पाठकोरा यंत्रांत घालूं नये, इतकें आम्हीही आतां मान्य केलें आहे. असे कागद वाण्याच्या यादीस आणि नातवंडांच्या गणितांस ठेवावे.

लेटरहेडविषयीं शेवटीं आमचें मत असें झालें, कीं घरगुती पत्रव्यवहारास तो छापून आणूंच नये. ट्रंकेंत आम्हांस मालवणच्या एका आप्तांचे कोरे लेटरहेड मिळाले. त्यांवर 'जिल्हा रत्नागिरी' असें छापलेलें. १९८१ सालीं सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला आणि दोनअडीचशें ताव एका दिवसांत शिळे झाले. त्यांवर पिनकोडही नाहीं. तो १९७२ सालीं आला, म्हणजे हे ताव त्याच्याही आधींचे. टेलिफोन बदलतो, वडिलांचें नांव गाळावें लागतें, धाकट्याचें घालावें लागतें. यंत्र घरीं असतांना शीर्षक संगणकांत ठेवावें आणि पत्राबरोबरच छापावें हें उत्तम. व्यापारास छापूनच हवें असेल, तर छापणारास स्पष्ट सांगावें, कीं शाई लेझरच्या उष्णतेस टिकणारी हवी, फुगीर अक्षरें व सोनेरी पत्रा नको, आणि छपाई नीट वाळल्यावर गठ्ठा द्यावा. ओली शाई दुसऱ्या तावास लागूं नये म्हणून छापखान्यांत पांढरी पूड मारतात, ती जास्त झाली तर आपल्या यंत्रांत साठते. मोठी मागणी देण्यापूर्वीं दहा ताव मागून घ्यावे व आपल्या यंत्रांतून काढून पाहावे. थंड झाल्यावर अंगठ्यानें चोळावें, घडी घालून नखानें घासावें. भुकटी निघाली तर कागद परत.

आणि देवनागरीस तर हा विचार अधिकच हवा. इंग्रजीस एखादा ठिपका गेला तर शब्द ओळखूं येतो. आपला अनुस्वार गेला कीं अर्थ गेला. पुतण्याच्या एका पत्रांत त्या खरखरीत कागदावर 'आंबा पेटी' ह्यांतला अनुस्वार गळला, आणि पुण्याच्या व्यापाऱ्यास "आबा दहा पेटी पाठवीत आहों" असें वाचावें लागलें. हंसण्यावारी गेलें. पण सात-बाराच्या उताऱ्यांत हेक्टर आणि आर ह्यांमध्यें एक बिंदूच असतो, हें ध्यानांत ठेवावें.

आमच्या यादीकडे परत येऊं. संगणक केव्हांच विकला गेला होता, त्यामुळें मजकूर पुन्हां काढण्याची सोय नव्हती. असती तरी दादांची सही कोठून आणावयाची? धाकट्या भावाचें म्हणणें, विहिरीचें पाणी आपल्या कलमांस आठवड्यांतले पांच दिवस ठरलें होतें. पुतण्याच्या आठवणींत तीन. कोणी खोटें बोलत नव्हतें. तरी दोन महिने टेलिफोनवर "बरे आहां ना?" ह्यापलीकडे बोलणें जाईना. मुंबईहून धाकटी जाऊ वटपौर्णिमेस येणारी, ती आली नाहीं. शेवटीं एके दिवशीं आम्हांस सुचलें, कीं मजकूर प्लॅस्टिकवर आहे ना, मग तोच वाचावा. पाकीट पांढऱ्या धोतरावर पसरून खिडकीपाशीं धरलें. आंतून चिकटलेलीं अक्षरें बाहेरून सुलटीं दिसूं लागलीं. भिंग घेऊन आम्हीं ओळ ओळ उतरून काढली. दोन तास लागले. सर्व मिळालें, पण पाण्याच्या दिवसांचा आंकडा नेमका घडीवर होता. तेथें भुकटी ना कागदावर, ना पाकिटावर.

वहिनी इतका वेळ शेगडीपाशीं होत्या. पदर सांवरीत म्हणाल्या, "भावोजी, त्या दिवशीं मीं चहा घेऊन आलें, तेव्हां हे म्हणत होते, कीं धाकट्याचीं कलमें चढावर आहेत, तेथें पाणी ठरत नाहीं, त्याला पांच दिवस हवेत." ह्यांत त्यांच्या स्वतःच्या मुलाचे दोन दिवस जात होते. पुतण्या क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, आईला आठवतें तेंच लिहा."

त्या वर्षीं गणपतींत सगळे जमले, धाकटी जाऊही आली. नवी याद शंभर जी. एस. एम. च्या साध्या गुळगुळीत कागदावर छापली. शीर्षक यंत्रानेंच काढलें. दादांच्या सहीचा जुना कागद तिला जोडला. दोन्ही आतां खाकी कागदी लिफाफ्यांत, घडी न घालतां, आडव्या आहेत. आंकडे तेवढे आम्हीं अक्षरीं घातले आणि त्याखालीं शाईनें पुन्हां लिहिले. छापण्यापूर्वींच वहिनी कोऱ्या कागदास कुंकवाचें बोट लावावयास निघाल्या होत्या. पुतण्यानें त्यांचा हात धरला आणि म्हणाला, "आई, यंत्रांतून बाहेर आल्यावर लाव."